अट्राक्टाचं मत

बहिणीचा फोन आला तेव्हा कोलमन गिलहूली लीड्समधल्या आपल्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. अट्राक्टा स्वतःहून कधी फोन करत नसे. कोणी गेलं असेल तरच करायची, म्हणून त्याने हात न पुसताच फोन उचलला.

"कोणी मेलेलं नाही," ती आधीच म्हणाली. "मी पडले. चर्चमध्ये फुलं लावत होते, शिडी सरकली. उजवं मनगट मोडलंय. टर्फ कापून माळावर पडलंय, आणि एका हाताने मला ते उभं करता येत नाही. येतोस, की मॅलकीच्या गळ्यात घालू?"

"येतो."

"बूट घेऊन ये. इथले गळतात."

तिने फोन ठेवून दिला. कोलमन त्याच जागी उभा राहिला. टर्फ हा शब्द ऐकताच त्याच्या नाकात तो धूर शिरला होता. दलदलीतून कापलेल्या काळ्या, ओल्या ढेपा उन्हावाऱ्यात वाळल्या की चुलीत मंद जळतात, आणि त्या धुराचा वास कपड्यांना, केसांना, पावालाही लागतो. लीड्समध्ये बत्तीस वर्षं काढूनही असा एक महिना गेला नसेल, की तो बस चालवताना सिग्नलला थांबला आणि तो वास उगाचच आला नाही.

"किती दिवस?" व्हर्ननने विचारलं. व्हर्नन शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याचे आईवडील नेव्हिस बेटावरून आलेले, पण तो स्वतः लीड्सचाच. चोवीस वर्षं दोघे या एका घरात राहत होते. गावी सांगताना मात्र व्हर्नन म्हणजे कोलमनचा घरमालक.

"आठ-दहा दिवस."

"म्हणजे मतदानाला तू तिथेच असशील."

"मला मत नाही. देश सोडून दीड वर्ष झालं, की मत जातं."

"मग तुझं कधीच गेलं."

"मीच गेलो होतो," कोलमन म्हणाला आणि पुन्हा बटाटे सोलायला लागला.

दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू द्यायचं का, असा प्रश्न आयर्लंडने त्या मे महिन्यात लोकांपुढे ठेवला होता. कोलमन बातम्या बघायचा आणि मध्येच उठून जायचा. देशावर त्याचा राग होता, तसा तो कोणापाशी बोलायचा नाही. पण दुसऱ्या कोणी देशाला नावं ठेवली तर त्याच्या अंगावर धावून जायचा. एकदा डेपोतल्या एकाने आयरिश लोकांवर काहीतरी विनोद केला, तर कोलमनने त्याच्याशी तीन वर्षं अबोला धरला. शनिवारी आयरिश क्लबात जाऊन तो कोपऱ्यात बसायचा. तिथले म्हातारे घरच्या आठवणीची गाणी म्हणत रडायचे, त्यालाही भरून यायचं. मग त्यांच्यातलाच कोणीतरी 'तसल्या' माणसांवर एखादी शेरेबाजी करायचा, सगळे हसायचे, आणि कोलमन उरलेली बियर तशीच टाकून घरी यायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचा.

बाविसाव्या वर्षी एका मुलाने त्याला लिहिलेलं पत्र वडिलांच्या हाती लागलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. गोठ्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला कळायच्या आत नीघ." साल त्र्याऐंशी. तेव्हा तर तो गुन्हाच होता. तिसऱ्या दिवशी कोलमन बोटीवर होता, आणि मुलगा पोटापाण्यासाठी चाललाय असं समजून आई बंदरावर रुमाल हलवत होती.

रॉसकॉमनच्या स्टेशनवर मॅलकी बिअर्न गाडी घेऊन आला होता. तो शेजारचा, कोलमनच्याच वर्गातला. गुडघे धरलेले, कान मंदावलेले, पण जीभ शाबूत.

"काय रे, इंग्लंडच्या राजाने सोडलं वाटतं!"

"तिकडे राणी आहे."

"अजून? चिवट आहे बाई." मॅलकीने बॅग मागे टाकली. "आणि तू? अजून कोणी गळाला लागली नाही? आता चोपन्नचा झालास की. मी तुझ्यावर पैज लावणं सोडून दिलं."

कोलमन हसला. हे हसू त्याने इतकी वर्षं वापरलं होतं, की ते आपोआप येई. रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर पाट्या होत्या. काहींवर 'हो', काहींवर 'नाही'. 'नाही'च्या पाट्यांवर आई, बाप आणि तान्हं मूल. मॅलकीने एकाही पाटीकडे बघितलं नाही, तो गाईच्या खुराबद्दल बोलत होता. कोलमनने खिडकीची काच खाली केली. हॉथॉर्नची झुडपं पांढरीशुभ्र फुलली होती. गाव जवळ आलं, ड्रमकोराच्या वळणावर तो वास आला, खरा, कोणाच्या तरी धुराड्यातून, आणि त्याला तोंड फिरवून बसावं लागलं.

पुढचे पाच दिवस तो माळावर राबला. पाच-सहा ढेपा उचलायच्या, एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. मग पाऊलभर पुढे सरकायचं. पाठ मोडते. माळ क्षितिजापर्यंत तपकिरी, वर चंडोल, कुठेतरी लांब कोकिळा. कोलमनला प्रत्येक चर ओळखीचा होता. कुठे पाय रुततो, कुठे लहानपणी अट्राक्टाने त्याला कमरेएवढ्या चिखलातून केस धरून ओढलं होतं, सगळं. दुपारी ती डाव्या हाताने थर्मास सांभाळत यायची आणि चुका काढायची.

"ते बघ, पडतंय. बस चालवून हात गेले तुझे."

मतदानाचं नाव ती काढत नव्हती. तोही काढत नव्हता. बहीण पासष्टीची, बिनलग्नाची. आईवडिलांचं सगळं तिनेच केलं. गेली तीस वर्षं चर्चमधली फुलं तिच्याकडे. गेल्या रविवारी धर्मगुरूंनी बिशपचं पत्र वाचून दाखवलं होतं, हे त्याला मॅलकीकडून कळलं होतं. तिचं मत काय असणार हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. खरं तर विचारायची भीती वाटली.

शुक्रवारी न्याहारीनंतर ती कोट घालून दारात उभी राहिली. "गाडी काढ. मला शाळेत सोड. मत द्यायचंय."

शाळा तीच, ज्या शाळेत तो शिकला होता. तो गाडीत बसून राहणार होता. अट्राक्टा खाली उतरली आणि तिने काचेवर टकटक केली.

"चल की. मी पेन्सिल काय दातात धरू?"

आत बाकं भिंतीला सरकवलेली. टेबलामागे पोस्टातली कॉन्सेप्टा बसली होती. अट्राक्टाने प्लास्टरचा हात तिच्या नाकासमोर धरला. "माझा हात हा असा. माझ्या वतीने भाऊ खूण करेल. चालतं ना?"

कॉन्सेप्टाने कोलमनकडे बघितलं, वही बघितली, कोणालातरी काहीतरी विचारलं. "चालतं," ती म्हणाली. तिने दोन कागद दिले.

लाकडी आडोशामागे दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. कोलमनच्या हातात दोरीला बांधलेली पेन्सिल होती. त्याला वाटलं, बत्तीस वर्षांनी या देशाने आपल्या हातात पेन्सिल दिली, ती आपल्याविरुद्ध खूण करायला. तो म्हणणारही होता, की अट्राक्टा, हे मला सांगू नकोस, मॅलकीला बोलाव.

तिने डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवलं. "इथे."

बोट 'हो'वर होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती समोरच्या लाकडाकडे बघत होती.

"कर की. मागे लोक उभे आहेत."

त्याने खूण केली. एक रेघ चौकोनाच्या कडेपर्यंत गेली.

"नीट कर. बाद होईल ना माझं मत!" ती कुजबुजली. मग दुसरा कागद पुढे ओढला. तो राष्ट्राध्यक्षाच्या वयाबद्दल होता, एकवीस वर्षांचा पोरही चालेल का म्हणून. "याला नाही. एकविसाव्या वर्षी कोणाला अक्कल असते?" मतपेटीपाशी पहिला कागद कोलमनच्या हातून लवकर सुटेना; कॉन्सेप्टा टेबलामागून बघत होती.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू गेलास त्याच आठवड्यात. बाबांनी सांगितलं." ती प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत होती. "मी एक शब्द बोलले नाही, कोलमन. ना त्यांना, ना तुला. तू दर वेळी यायचास, आठ दिवस राहायचास, जायचास. मी मनात म्हणायचे, पुढच्या खेपेला बोलू. आणि चर्चमध्ये जाऊन फुलं लावत बसायचे."

"तुला काय बोलता आलं असतं?"

"काहीही. 'जाऊ नकोस' एवढं तरी. मी तेहेतीस वर्षांची घोडी होते, लहान नव्हते काही." तिने समोर बघितलं. "चल आता. बघतायत सगळे."

शनिवारी मोजणी होती. स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळपासून लावलेला. अकरापर्यंतच कळून चुकलं, की देशाने 'हो' म्हटलंय. डब्लिनमध्ये तर जत्राच भरली होती. रेडिओतून गलका, गाणी, रडणं सगळं ऐकू येत होतं. व्हर्ननचा फोन आला. तो आधी नुसता नाक ओढत होता, मग म्हणाला, "तुझा देश बघ रे, तुझा देश!" कोलमनने आयुष्यात पहिल्यांदा ते दोन शब्द ऐकून मान वर केली. त्याला त्या गर्दीत असावंसं वाटलं. बाविशीचं होऊन असावंसं वाटलं.

दुपारनंतर एकेका मतदारसंघाचा आकडा येऊ लागला. केरी, हो. मेयो, हो. डोनेगॉल, दोन्ही मतदारसंघांत हो. मग रॉसकॉमन आणि दक्षिण लेट्रिम. नाही. थोडक्यात, पण नाही. संध्याकाळपर्यंत स्पष्ट झालं, की अख्ख्या देशात 'नाही' म्हणणारा तेवढा एकच मतदारसंघ होता. त्यांचा.

अट्राक्टाने डाव्या हाताने रेडिओ बंद केला. "गाढवं," ती म्हणाली. "सगळी गाढवं. आणि उद्या चर्चमध्ये मला त्यांच्याच शेजारी गुडघे टेकायचेत."

कोलमनने बूट चढवले. "थोडं टर्फ राहिलंय," म्हणाला आणि निघाला.

ऊन कलतं होतं. तो भराभर ढेपा उभ्या करत होता, मनात हिशेब न करायचा प्रयत्न करत होता. दर दोघांतला एक. दुकानातला, बसथांब्यावरचा, आईच्या शवपेटीला खांदा देणारा. देशाला आपण चालतो, गावाला नाही; आणि तळमळलो ते गावासाठी. डब्लिनचा वास आपल्याला कधी आला नव्हता.

चाहूल लागली म्हणून त्याने वर बघितलं. मॅलकी लंगडत येत होता. तो शेजारच्या ओळीत वाकला आणि ढेपा लावू लागला. अर्धी ओळ झाली.

"कॉन्सेप्टाने सांगितलं," शेवटी मॅलकी म्हणाला. "म्हणजे काय खूण केलीस ते नाही. पेटीपाशी कागद तुझ्या हातून सुटेना, तेवढंच. मग मी विचार केला. एवढी वर्षं मी तुला विचारतोय, कोणी मिळाली का."

कोलमन काम करत राहिला.

"मी 'नाही'वर खूण केली, कोलमन. तुझा विचार तेव्हा डोक्यात आला नाही."

"आणि आला असता तर?"

मॅलकी कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "माहीत नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? माहीत नाही."

कोलमनला राग आला, इतका की हातातली ढेप चुरगळून बोटांतून गळाली. याला माळावरून हाकलून द्यावं असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की लीड्समध्ये सिग्नलला थांबलो की आपल्याला जे दिसतं, ते हेच आहे: कललेलं ऊन, हा माळ, आणि शेजारच्या ओळीत वाकलेला मॅलकी. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नव्हतं.

"तुझं ते टोक नीट लाव," तो म्हणाला. "पडतंय."

दोघांनी अंधार पडायच्या आत ओळ संपवली.

सोमवारी निघताना अट्राक्टा अंगणात उभी राहून म्हणाली, "मागची जमीन तुझ्या नावावर आहेच. नोकरी संपली की घर बांध. मोकळेपणाने राहा. बोलणारे चार दिवस बोलतील." हे ऐकायला तो बत्तीस वर्षं थांबला होता. पण व्हर्ननची बहीण लीड्सला, व्हर्ननची बाग, त्याची स्वतःची बस, सगळं तिकडे. परत यायची इच्छा त्याने इतकी वर्षं जपली, आणि तेवढ्यात परत येण्याचे दिवस निघून गेले होते.

"बघतो," तो म्हणाला. तिला कळलं. तिने मान डोलावली आणि त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली.

रेल्वे सुटून अर्धा तास झाला असेल, शॅनन नदी मागे पडली, तेवढ्यात तिचा फोन आला.

"ऑगस्टमध्ये टर्फ घरी आणायचंय," ती म्हणाली. "माझा हात तोवर बरा होईल, पण माणसं कमीच पडतात. त्यालाही घेऊन ये."

"कोणाला?"

"आता मला नाव घ्यायला लावणार का तू? व्हर्ननला."

कोलमनने खिडकीला डोकं टेकवलं. "विचारतो त्याला."

"विचारू नकोस, आण." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "खोल्या किती तयार करू? एक, की दोन?"

समोरच्या बाकावरची बाई विणकाम करत होती. कोलमनने आवाज खाली आणला नाही.

"एक."



"मग आईबाबांची झाडून ठेवते," अट्राक्टा म्हणाली. "पलंग तोच मोठा आहे."