गीझरची नोंदवही

वेळ: सकाळी सात. दाब: माहीत नाही. पातळी: बादलीत चार बोटं. शेरा: गळती चालू.

बाबा कारखान्यात बॉयलरवर होते तेव्हा दर तासाला अशी एक ओळ लिहायचे. एकतीस वर्षं. शेऱ्यात तीन शब्दांच्या वर लिहिलं की साहेब ओरडायचा म्हणे. मला तीन शब्दांत जमणार नाही. जागा संपली की मी रकान्याबाहेर जाईन.

आज रविवार. आठवड्यातला माझा एकच मोकळा दिवस, तो बादली बदलण्यात चालला आहे. बाथरूमच्या भिंतीवरचा गीझर खालच्या शिवणीतून गळतो. बाकीचे सहा दिवस मी औषधांच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावते, आठ ते सहा. तेवढा वेळ बाबा घरात एकटे.

वेळ: साडेआठ. शेरा: दादाचा फोन.

"बाबांना एकटं ठेवू नकोस. माझ्याकडे पाठव."

"मागच्या वेळी पंधरा दिवसांत परत आले. तुझ्या घरात सगळी बटणं भिंतीच्या आत आहेत म्हणे, माणसाने धरायचं काय?"

"मग दिवसभराची बाई ठेव."

"ती संध्याकाळपर्यंत टिकायला हवी ना! अरे, त्यांचं डोकं ठणठणीत आहे. दोन महिन्यांपूर्वी हाच गीझर व्हॉल्व्हमधून ठिबकत होता, तर त्यांनी ते ठिबकणं बसल्या बसल्या बंद केलं. अजून काय पाहिजे तुला?"

"आता परत गळतोय म्हणालीस."

"ते दुसरीकडून."

"संध्याकाळी फोन करतो. आज नक्की काय ते ठरवू."

मला ठरवायचं नव्हतं. बाबा दादाकडे गेले तर कुढतील. बाई ठेवली तर हाकलतील. मी नोकरी सोडली तर... हा विचार मी रोज इथपर्यंत आणते आणि झोपते. बाबा एकटे राहू शकतात, एवढं एक वाक्य खरं असलं की बाकी सगळं चालतं.

वेळ: साडेदहा. शेरा: प्लंबर आला.

पन्नाशीचा, गुडघ्याने त्रासलेला माणूस. शिडी चढताना प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत होता.

"ताई, हा गीझर माझ्या लग्नाआधीचा दिसतो."

"मग?"

"लग्न टिकलंय. ह्याचं काही सांगत नाही."

बाबा दारात स्टूल टाकून बसले होते. "आधी मेन स्विच. मग पाणी बंद. मग पाना. उलटं केलंस तर शिडीवरून खाली ओढीन."

"काका, वीस वर्षं हेच करतोय."

"वीस वर्षं चुकीचंही करता येतं."

प्लंबर हसला. त्याने टाकी रिकामी केली, खालचा पाइप सोडवला. आणि त्याचं पुटपुटणं बंद झालं.

"ताई, जरा इकडे या."

सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात एक बोल्ट पिळून बसवला होता. त्यावर टेफ्लॉन टेप. त्यावर लांबी भरलेली.

"हे कुणी केलं?" तो अगदी हळू म्हणाला. "पाणी तापलं की फुगतं. जास्तीचं इथून ठिबकतं, ठिबकायलाच हवं. हे बुजवलं म्हणून शिवण उसवली. नशीब समजा उसवली. नाहीतर एखाद्या दिवशी टाकी अंघोळ करणाऱ्यासकट वर गेली असती."

मी उपड्या बादलीवर बसले. पाढे यायच्या आधी मला एक गोष्ट पाठ होती: सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणारा माणूस बॉयलरवर नको. बाबांनी एकदा स्वतःच्या मित्राला त्यासाठी कामावरून काढायला लावलं होतं. त्या मित्राने व्हॉल्व्हला तार बांधली होती. वर्षभर दोघं बोलत नव्हते.

आणि दोन महिन्यांपूर्वी बाबा हा बोल्ट पिळत होते तेव्हा बॅटरी मी धरली होती. झोपेने डोळे मिटत होते. मला फक्त तो टप टप आवाज थांबायला हवा होता.

"काय निघालं?" दारातून बाबा.

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. "टाकी सडली, काका. वय झालं."

"व्हॉल्व्ह?"

"व्हॉल्व्हला काय होतंय!"

"दाखव."

"कशाला, काका..."

"दाखव म्हणतो ना."

बाबांनी व्हॉल्व्ह तळहातावर घेतला. अंगठ्याने लांबी खरवडली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. तसं दुमडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"ही माझी गुंडाळी आहे," बाबा म्हणाले.

वेळ: दीड. शेरा: नवा गीझर बसला.

पूर्ण वेळ बाबांनी प्लंबरला एकदाही टोकलं नाही. तोच दोनदा म्हणाला, "काका, बघा बरं नीट बसलंय का." जाताना दारात मला म्हणाला, "थोडं ठिबकेल हां. घाबरू नका." चप्पल घालत तो तिथेच जरा रेंगाळला.

वेळ: अडीच. शेरा:

"बस," बाबा म्हणाले. "चार्ज देतो."

शिफ्ट संपली की जे जे बिघडलंय ते पुढच्याला सांगायचं, मगच घरी जायचं. लपवलं तर पुढचा मरतो. त्यांनी गादीखालून वही काढली, चष्मा शोधला आणि ते वाचायला लागले.

"गॅस दोनदा चालू राहिला. मंगळवारी किल्ली बाहेरून कुलपालाच. गेल्या महिन्यात दूध आणायला गेलो, परतीचं वळण सापडेना. शाळेच्या भिंतीशी बसून राहिलो. मग सापडलं." पान उलटलं. पुढचं कोरं होतं. "व्हॉल्व्हची नोंद नाही. केल्याचं आठवतच नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार? दमून यायचीस."

त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली.

"तोंडानेही म्हणायचं असतं."

"चार्ज घेतला."

बाबांनी चष्मा काढला आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

वेळ: संध्याकाळी सहा. दाब: ठीक. पातळी: मगात एक बोट.

फोन वाजला.

"मग काय ठरवलंस?" दादा.

"बाबांना एकटं ठेवता येणार नाही," मी म्हणाले. "पुढचं मला आज सुचत नाही. तू निघ. आल्यावर बोलू."

आतून हाक आली. "ठिबकतंय का गं?"

"ठिबकतंय, बाबा."

"ठिबकू दे."

दहा मिनिटांनी त्यांनी तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं आणि वेळ लिहिली.