दुप्पट मिठाची सुशीला

दवाखान्यात किरणांची लाईट देऊन देऊन गालातली कॅन्सरची गाठ गेली, पण जाताना गोजरबाईच्या तोंडाची चव घेऊन गेली. भाकरी मातीसारखी लागायची, दूध पाण्यासारखं. "चव येईल, पण वेळ लागेल. निरनिराळं खाऊन बघत राहा," असं डॉक्टर म्हणाले.

तिच्या नवऱ्यानं, व्यंकटीनं, ते मनावर घेतलं. दोघांची हयात ऊसतोडीत गेलेली. हॉटेलात बसून खाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आता तपासणीसाठी परभणीला आलं, की तो बायकोला दवाखान्यातून थेट कुठंतरी खायला न्यायचा. स्टेशनाजवळची मिरचीभजी झाली, बाजारातली रबडी झाली, खानावळीतलं काळ्या मसाल्याचं वांगं झालं, एका चाचांच्या हॉटेलातला मलईचा चहाही झाला. गोजरबाईनं घास घेतला, की हा आपलं खाणं थांबवून तिच्या तोंडाकडं बघत बसायचा.

"लागायलंय का काही?"

"न्हाई वो. गरम हाय, एवढंच कळायलंय."

"बरं. पुढच्या खेपेला दुसरीकडं जाऊ."

चव नव्हती, तरी तिला ते बसणं आवडायचं. जन्मभर तिनं रांधून सगळ्यांना वाढलं. तिचा घास कसा उतरतोय, हे कुणी असं बघत बसलं नव्हतं.

थंडीतल्या एका सकाळी दोघं बसस्टँडामागच्या धम्मशीलाबाईंच्या छोट्या हॉटेलात शिरले. समोर सुशीला आली: फोडणीचे ओले मुरमुरे, शेंगदाणे, वर लिंबू पिळलेलं. दोघांनी घास घेतला आणि व्यंकटीनं तोंड वाकडं केलं. तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक ओरडलं, "अवो बाई, मुरमुऱ्यात मीठ टाकलंय का मिठात मुरमुरे?"

धम्मशीलाबाई हात पुसत धावत बाहेर आल्या. "मीठ दोनदा पडलं वाटतं. माफ करा, दुसरी करून देते." आणि त्या प्लेटा उचलायला लागल्या.

गोजरबाईनं आपली प्लेट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "खारट लागायलंय."

"लयच खारट हाय," म्हणता म्हणता व्यंकटी थबकला. "तुला लागायलंय?"

"जिभेच्या कडंला. आन लिंबूबी जरासं."

व्यंकटीनं गमछा डोळ्यांना लावला. धम्मशीलाबाईंना काही उमजेना, तेव्हा त्यानंच अडखळत सगळं सांगितलं. गोजरबाईनं उठून त्यांचे हात हातात घेतले. "बाई, लय उपकार झाले तुमचे."

"माझं चुकलं म्हणून शिव्या खायची तयारी केली होती," धम्मशीलाबाई हसल्या.

नवी सुशीला आली. गोजरबाईनं चाखून बघितली आणि मान हलवली. "ही न्हाई कळायली. मला पहिलीच राहू द्या."

व्यंकटीनंही मग आपली खारट प्लेट पुढं ओढली आणि घासागणिक पाण्याचा घोट घेत तिच्यासोबत संपवली.