हलक्या गाडीचे टायर

शरच्चंद्र तळपदे यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी आपली लाल, दोन सीटांची उघडी गाडी मुलीच्या हाती दिली. अंबिका परळच्या इस्पितळात डॉक्टर होती. गाडी चालवायला पक्की आणि मताला त्याहून पक्की. गाडी इतकी हलकी, की चौघांनी उचलून बाजूला ठेवावी. पण टायर पार गुळगुळीत झालेले. नवे घ्यायला बापलेक दादरला कोंडीरामशेटच्या दुकानात गेले आणि तिथेच वादाला तोंड फुटलं.

"जाड, कडक टायर घे," शरच्चंद्र म्हणाले. "माझ्या जुन्या मोटारीला होते तसले. कधी फुटले नाहीत."

"ती मोटार हत्ती होती, बाबा. या गाडीच्या वजनानं ते टायर दबणारच नाहीत. मग रस्ता धरणार कसे?"

कोंडीरामशेट पुढे सरसावले. "मग हे बघा, बाईसाहेब. खास शर्यतीचे. रबर असं मऊ, की रस्त्याला चिकटतं."

"अहो, मी शर्यतीत नाही, लालबागेतून जाते." अंबिका हसली. "बोलून काय ठरणार? चालवूनच बघते."

दुकानात चालवून बघायला प्रत्येक जातीचे किंचित वापरलेले टायर ठेवलेले होते. शेटनी आधी कडक चढवले. शरच्चंद्र ऐटीत शेजारी बसले. परळपर्यंत गाडी दगडी फरसबंदीवर अशी उडत गेली, की त्यांची टोपी दोनदा मांडीवर आली. वळणावर तर चाक फिरवूनही गाडीचं नाक सरळच निघालं. त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबली.

मग शर्यतीचे. कोरड्या रस्त्यावर गाडी मजेत पळाली. अंबिकेलाही क्षणभर मोह पडला. पण लालबागला नुकताच पाण्याचा टँकर रस्ता धुऊन गेला होता. ओल्या ट्रामच्या रुळावर मागची चाकं सपकन सरकली. अंबिकेनं गाडी सावरली आणि सरळ दुकानाकडे वळवली.

"आता ते द्या," तिनं कोपऱ्यातल्या टायरांकडे बोट केलं. अरुंद, रबर मऊसर, पण खाचा खोल.

"ते? दिसायला काहीच नाहीत हो," शेट म्हणाले.

"दिसायला मी आहे ना."

ते टायर चढवून, बाबांना शेजारी बसवून ती पुन्हा लालबागला आली. टँकरची दुसरी फेरी झाल्यानं रूळ ओलेच होते. ती वेगात असतानाच गल्लीतून अचानक मोर्चा बाहेर पडला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" पुढे झेंडा घेतलेल्या बायका. अंबिकेनं ब्रेक दाबला. गाडी रुळांवरच, तसूभरही न घसरता, सरळ रेषेत थांबली. झेंडेवाल्या बाईनं वाकून आत बघितलं.

"बाई चालवतेय गं!" ती ओरडली आणि सगळ्या जणींनी हात उंचावले. अंबिकेनंही मूठ वर करून घोषणा दिली. शरच्चंद्रांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग त्यांनीही दिली, चांगली खणखणीत.

मोर्चा गेल्यावर ते घसा साफ करत म्हणाले, "हेच घे. नवे चारही."

"आणि कडकवाले?"

"कडकवाले त्या शेटलाच लखलाभ. अंबे, रविवारी खंडाळ्याचा घाट बघू यांच्यावर. आईला सांगू नकोस."

"आईनं विचारलं तर?"

"विचारलं तर तू डॉक्टर आहेस. मला हवापालट सांगितलाय म्हण."