निर्दोष विरजण

दही हा आपल्याकडे पदार्थ नाही, चारित्र्याचा दाखला आहे. म्हणूनच डॉ. पद्माकर सबनीसांनी आईच्या दह्यातून वेगळ्या काढलेल्या जंतूला आईचेच नाव दिले, त्या क्षणी त्याच्यावर संशय घेण्याची सोय संपली. कुमुदिनीबाई लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आल्या त्या विरजणात बुडवून वाळवलेला पंच्याचा तुकडा ट्रंकेत घेऊन. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात त्या तुकड्यावर एक वंश उभा राहिला. ही हकिकत सबनीस प्रत्येक व्यासपीठावर सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज नेमक्या जागी दाटून येई.

जंतूचे नाव कुमुद. दिल्लीजवळ मानेसरच्या बाजूला सबनीसांच्या संस्थेत त्याची भुकटी तयार होई आणि दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अर्भकांना चाचणी म्हणून दुधातून दिली जाई. आतड्यात चांगले जंतू वसले की वाइटांना जागा उरत नाही, हे तत्त्व खरे होते. संस्थेतल्या वृंदा देवस्थळीने आपले सारे तारुण्य त्या तत्त्वावर खर्ची घातले होते. पण कच्च्या आतड्याची भिंत पाझरली तर चांगला जंतूही रक्तात उतरतो आणि रक्तात चांगला जंतू असा प्रकारच नसतो, हेही तिला ठाऊक होते.

त्या वॉर्डात एक मूल दगावले. त्याच्या रक्तात काड्यांसारखे जंतू वाढले होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने ती त्वचेवरून आलेली भेसळ ठरवली आणि मृत्यूचे कारण ‘अपुरे दिवस’ असे नोंदवले. वॉर्डातला तरुण डॉक्टर साकेत मूळचा पुण्याचा. त्याला राहवेना म्हणून त्याने जंतू वाढवलेली बशी वृंदाकडे आणून दिली. वृंदाने जनुकांच्या जुळणीला नमुना पाठवला आणि जुन्या सवयीने थोडा कोमट दुधातही टाकला. दुसऱ्या दिवशी नळी तिरपी केली तर दूध हलले नाही. मेलेल्या मुलाच्या रक्तातून दही लागले होते. आणि ते उत्तम लागले होते, हेच तिच्या लक्षात आधी आले, याबद्दल तिने स्वतःला क्षमा केली नाही.

जुळणीचा निकाल आला तशी ती सबनीसांच्या खोलीत गेली.

“सर, हा आपला कुमुद आहे.”

“असणारच,” सबनीस शांतपणे म्हणाले. “अगं, तुझ्या लॅबच्या हवेत दुसरं काय आहे? तिथे दाराच्या मुठीवर दूध शिंपडलं तरी दही लागेल.”

“बशी वॉर्डातून आली होती.”

“आणि उघडली कुठे? तुझ्याच टेबलावर ना? इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केलास तो तुझ्या बोटांवर आहे, वृंदा. मी दोष देत नाही हं. पण चाचणीची समिती पहिला प्रश्न हाच विचारेल.”

“मग रुग्णालयातली रक्ताची मूळ बाटली मागवू या.”

“भेसळ म्हणून टाकून दिली त्यांनी. मी विचारलं.”

“तुम्ही विचारलंत? म्हणजे तुम्हालाही संशय आला.”

“मला काळजी वाटली. त्यात फरक आहे.”

तो फरक दोघांच्या पगारातही होता. ती उभीच राहिली. “आज तिथे आणखी एक बाळ तापलंय, सर. राधाचं. तिचा नवरा इथे मानेसरलाच गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात आहे. बाळाला व्हॅन्कोमायसिन चालू आहे, आणि कुमुदला ते जन्मजात लागू पडत नाही. हे आपणच छापलंय. साधं अ‍ॅम्पिसिलिन पुरेल.”

“सोमवारी बैठक आहे. तिथे मांड.”

“सोमवारपर्यंत बाळ थांबेल?”

सबनीसांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचे, निर्मळ आश्चर्य होते. “दह्याने कधी कोणी मेलंय का गं?”

लबाडाशी भांडता येते; श्रद्धाळू शास्त्रज्ञाशी भांडायला शास्त्र अपुरे पडते. वृंदा टॅक्सी करून थेट रुग्णालयात गेली.

काचेच्या पेटीतले बाळ राखाडी पडले होते. राधा बाहेर जमिनीवर बसून होती. साकेतने वृंदाला जिन्याखाली नेले.

“वृंदाताई, बघा, मला सगळं पटतंय. बिल्कुल पटतंय. पण चाचणीतल्या बाळाचं रक्त मी तुम्हाला असं देऊ शकत नाही. मागितलंत तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की फाइल सबनीस सरांकडे. आणि सर म्हणणार, सोमवार.”

“त्याच्या रक्तात कुमुद सापडला तर सगळी चाचणी थांबेल, साकेत. या खेपेला मी हात लावणार नाही. बाहेरच्या लॅबने वाढवू दे.”

“मग परवानगी येऊन रक्त काढेपर्यंत औषध नाही बदलता येणार. अ‍ॅम्पिसिलिन गेलं की रक्तात काय सापडणार, घंटा?” तो ओशाळला. “सॉरी. यार, माझी परमनंट पोस्टिंगची फाइल सरांच्याच मित्राकडे आहे. औषध मी आत्ता बदलतो. गुपचूप. नेहमीचा निर्णय म्हणून. पण रक्त नाही, कारण नाही, आणि तुम्ही इथे आला नव्हतात.”

“अरे, म्हणजे पुरावा किंवा बाळ?”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“नाही. तू पुण्याचा आहेस. तू असं म्हणणार नाहीस.”

वृंदा पेटीपाशी परतली, साकेत मागोमाग आला. बाळाने तेवढ्यात तोंड उघडले. रडण्याचा आकार झाला, आवाज आला नाही. वॉर्डात त्याच ओळीत इतर पेट्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दुधात उद्या सकाळी कुमुद मिसळला जाणार होता. त्यांची मोजदाद वृंदाने केली नाही. केली असती तर तिला हिशेबाने उत्तर द्यावे लागले असते.

“बदल,” ती म्हणाली.

बाळाचा ताप उतरला. रंग परतला. सोमवारी सबनीसांनी तो आनंद समितीपुढे संयत शब्दांत ठेवला: अतिगंभीर अवस्थेतले अर्भक, कुमुद दिलेल्या गटातले, पूर्ण बरे. चाचणी आणखी रुग्णालयांत न्यावी, असा ठराव आला. वृंदा उठली आणि दह्यापासून औषधापर्यंत सगळे क्रमाने बोलली. सगळ्यांनी ते अदबीने ऐकून घेतले. अध्यक्षांनी वॉर्डातर्फे आलेल्या साकेतला विचारले, औषध का बदलले?

“क्लिनिकल जजमेंट, सर.”

“या मॅडमच्या सांगण्यावरून?”

साकेतने पाण्याचा पेला उचलला. “मॅडम वॉर्डात कधी आल्या नाहीत, सर.”

ठराव एकमताने मंजूर झाला. सबनीसांनी बाहेर पडताना वृंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडी रजा घे, असे मनापासून सुचवले.

काही दिवसांनी ती पुन्हा वॉर्डात गेली. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. राधा बाळाला उराशी धरून निघण्याच्या तयारीत होती. वृंदाच्या गळ्यातले संस्थेचे ओळखपत्र पाहून ती लगबगीने पुढे आली.

“मैडम, वो दहीवाला पाउडर आप ही के यहाँ बनता है न? डॉक्टर साहब बोले, उसी से बचा है. थोड़ा घर के लिए दे दीजिए.”

“नहीं, राधा. वो इसे मत देना. कभी मत देना.”

राधाच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. तिने बाळाची टोपी खाली ओढली आणि वृंदाला नखशिखान्त न्याहाळले.

“क्यों? बड़े लोगों के बच्चों के लिए रखा है क्या?”