एकाच पिशवीतले भाऊ

पान दुमडून आत रेशमाची पिशवी विणायची आणि तिच्यात दडून राहायचं, असे ते फिकट पिवळे कोळी. त्यांच्या एका प्रजातीत काकांनी नऊ नव्या जाती नोंदवल्या होत्या. संग्रहालयात काकांचा सगळा दरारा त्या नऊ जातींवरच. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पुतणीने आता त्यातल्या सात मोडीत काढल्या. एकाच पिशवीतली पिल्लं तिने वाढवली, तर लांब जबड्याचे आणि आखूड जबड्याचे असे दोन्ही नर त्यातूनच निघाले. काका ज्यांना वेगळ्या जाती म्हणत, ते सख्खे भाऊ होते.

लेखाचा मसुदा तिने काकांच्या टेबलावर ठेवला. अर्ध्या तासात ते दार आपटून आत आले.

"भिंग धरायला शिकवलं मी, आणि माझ्याच मुळावर उठलीस?"

"काका, आधी बसा. पूर्ण वाचलंत का?"

"वाचायचं काय राहिलंय त्यात!"

त्यांनी फडताळातली बाटल्यांची अख्खी रांग खाली ओढली. काचांचा खच पडला, स्पिरिटचा भपकारा उठला आणि फरशीवर पसरलेले कोळी काका बुटाखाली चिरडू लागले. तिने त्यांच्या पायाला मिठी मारली. काकांनी लोखंडी स्टूल उचलून तिच्या मनगटावर घातलं. हाड कडकन मोडलं, तरी स्टूल पुन्हा वर गेलं. तिने त्यांच्या पोटरीचा असा लचका तोडला की तोंडात रक्त आलं. काका काचांवर कोसळले. पडल्या पडल्या तिचे केस धरून त्यांनी तिचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. शिपायाने धावत येऊन मागून त्यांची मान आवळली, तेव्हा कुठे मूठ सुटली.

"साहेब, घरची पोर आहे हो!"

भुवईतून रक्त गळत असतानाच तिने धड हाताने चिमटा उचलला.

"दोन जाती खऱ्या होत्या, काका. त्यातली एक काकूच्या नावाची. तिचा एकच नमुना होता. शेवटच्या पानावर लिहिलंय मी."

काकांनी बुटाचा तळ वळवून पाहिला.

काकांना संग्रहालयाचं दार कायमचं बंद झालं. तिचं मनगट वाकडंच बसलं. लेख छापून आला, त्यात काकूच्या नावापुढे 'नमुना नष्ट' असं होतं. पुढच्या हंगामात ती तो कोळी शोधायला झुडपं धुंडाळू लागली, तेव्हा शिपायाच्या हाती काकांचा निरोप आला: जागा फक्त मला ठाऊक आहे, दाखवायला येतो.

"नकाशा काढून द्या म्हणावं," ती म्हणाली. "सोबत नको."