कॅलनच्या दरीतली लढाई

धामणगाव बढे गावचा रंगराव लोहार रविवारी दुपारी वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, ठोकत बसला होता, तेवढ्यात थोरल्या लेकीचा, छायाचा, व्हिडिओ कॉल आला. तीन वर्षांपासून ती आयर्लंडात नर्स होती. सुभद्राबाई पदराला हात पुसत नवऱ्याशेजारी येऊन टेकली.

छाया हिरव्या डोंगराच्या कुशीत उभी होती. मागे काठी टेकून एक म्हातारा.

"हे डोनल आजोबा," ती म्हणाली. "माह्या वॉर्डात होते. इथले मेंढपाळ. बाबा, या कॅलनच्या दरीत साडेसातशे वर्षांमागं मोठी लढाई झाली. त्याहीनं मले मुद्दाम दाखवाले आणलं."

"कोणाची?"

"नॉर्मन सरदारांची अन् इथल्या मॅकार्थी लोकांची. नॉर्मन समुद्रापलीकडून आलेले. अर्धा मुलूख गिळून बसले होते. अंगावर लोखंडी चिलखत, खाली तगडे घोडे. इकडच्यांकडं नुसते भाले, कुऱ्हाडी."

"चिलखत पत्र्याचं का?"

"नाही, कड्यांचं. हजारो कड्या एकीत एक गुंतवलेल्या."

रंगरावाने हातातला हातोडा खाली ठेवला. एकेक कडी वाकवायची, तोंड जुळवायचं, ठोकायची. "ज्यानं केलं त्याच्या हाताले नमस्कार," तो म्हणाला. "मंग हे कुऱ्हाडीवाले मेले असतील."

छाया उत्तर द्यायला म्हणून दोन पावलं पुढे सरली आणि मोबाईलवरचं चित्र एकदम हललं. तिचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला होता. सुभद्राबाईने तोंडावर हात धरला.

"ओढू नको पाय," रंगराव म्हणाला. "मागं रेल. आजोबाची काठी धर."

म्हाताऱ्याने काठी पुढे केलीच होती. छाया निघाली, बूट मात्र आतच राहिला. ती गवतावर बसून बराच वेळ त्या काळ्या खळग्याकडे पाहत राहिली. वरचं गवत पुन्हा मिटत गेलं, जणू काही झालंच नव्हतं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी पन्नास किलोची. ते घोड्यासकट होते."

डोनल बोलत होता, ती मराठीत सांगत होती. मॅकार्थींच्या राजाने, फिनीनने, मोकळ्या रानात लढाई दिलीच नाही. दोन नद्या मिळतात त्या चिंचोळ्या जागी त्याने शत्रूला येऊ दिलं. घोडे वळेनात, स्वार उठेनात. डोंगरावरून मॅकार्थींची माणसं उतरली. नॉर्मनांचा मोठा सरदार पडला, त्याचा पोरगाही पडला.

"अन् तो राजा?"

"त्याच वर्षी दुसऱ्या लढाईत गेला. पण या डोंगरात पुढं तीनशे वर्षं त्याच्याच घराण्याचं राज्य राह्यलं."

"मोबाईल जरा खाली धर," रंगराव म्हणाला.

छायाने धरला. काळी माती, तांबूस पाणी, वाऱ्याने थरथरणारं गवत. रंगराव मोबाईलवर वाकला. सुभद्राबाईने न सांगताच हात जोडले. पलीकडे म्हाताऱ्यानेही टोपी काढली.

कॉल संपला तरी रंगराव तसाच बसून होता. गावातले नारायणराव धार लावायला दिलेली कुऱ्हाड घ्यायला आले.

"काऊन असा बसला बे?"

"लढाई पाहून आलो."

"कुठली?"

"बसा," रंगराव म्हणाला. त्याने पाट पुढे सरकवला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.