मांडणीवरची उघडी बाटली

चूक माझीच. बाटली उघडून मी स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर ठेवली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. पाच मिनिटांत परत येऊन पाहते तर कट्टा रिकामा. बाटली बाहेरच्या खोलीत, मृतांसाठी केलेल्या मांडणीवर, बाबांच्या फोटोसमोर जाऊन बसली होती. एका बाजूला झेंडूच्या फुलांची रास, दुसऱ्या बाजूला मोलेचं, म्हणजे मिरचीच्या दाट रश्श्याचं, वाडगं, आणि आई समोर उभी राहून छातीवर क्रूस काढत होती.

मी म्हटलं, "आई, ती बाटली मला हवी आहे."

"आता नाही मिळायची. त्याच्यापुढे ठेवलीय मी."

"अगं, कोठीत हजार बाटल्या आहेत. त्यातली एक ठेव ना."

"त्यांना बुचं आहेत. मेलेला माणूस बूच कसं काढणार?"

आमच्याकडे मांडणीवर एकदा चढलेली वस्तू, ज्यांच्यासाठी मांडली ती माणसं येऊन गेल्याशिवाय खाली उतरत नाही. एकतीस ऑक्टोबरला मांडलेलं तीन नोव्हेंबरच्या सकाळी उतरतं. त्यात बाबांचं हे पहिलंच वर्ष. एप्रिलमध्ये ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेव्हापासून आई या चार दिवसांची वाट बघत होती. मी हट्ट केला असता तर तिनं जेवण सोडलं असतं.

आणि नेमक्या याच बाटलीवर माझं सगळं अवलंबून होतं. केरेतारो शहरातल्या फाबिओलाचं तिथे मोठं खानावळवजा हॉटेल आहे. मागच्या महिन्यात येऊन तिनं माझी वाईन चाखली, आवडली म्हणाली, पण चेहरा काही खुलेना. औषध न मारलेल्या द्राक्षांची, काहीही न घातलेली वाईन तिनं आधी एकाकडून घेतली होती. उघडल्यावर दुसऱ्या दिवशी तिचं व्हिनेगर झालं. तिच्याकडे पेल्यापेल्यानं विकतात, बाटली तीन दिवस उघडी राहते. म्हणून तिनं थप्पीतून एक बाटली स्वतः निवडली, लेबलावर सही ठोकली, आणि एकतीसला सकाळी फोनच्या व्हिडिओवर तिच्या डोळ्यांदेखत माझ्याकडून उघडून घेतली. तीन तारखेला दहा वाजता येऊन ती तीच चाखणार होती. टिकली तर सगळ्या हजार बाटल्या तिच्या. नाही टिकली, तर मळा शेजारच्या ब्रोकोलीवाल्यांना खंडानं द्यायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं. ते वेली उपटणार, आणि वर फवारे मारणार.

आता ही नाजूक बाटली आठ मेणबत्त्यांच्या धगीत उभी होती.

मेणबत्तीचं एक वेळ जाऊ दे. खरी गोची वेगळीच होती. मृत माणसं येतात ती पदार्थांचा गंध आणि चव घेऊन जातात. तीन तारखेला मांडणी उतरवताना घरातलं वडील माणूस प्रत्येक गोष्ट चाखतं. चव उरली नसेल तर समजायचं, आला होता, पोटभर जेवला. दरवर्षी आई आजोबांचा पाव तोडून "काही चव नाही बघ" म्हणायची, आणि मी मनात म्हणायचे, तीन दिवसांचा शिळा पाव, चव कुठून असणार. यंदा मात्र मला हसू येत नव्हतं.

कारण बाबांनी माझी वाईन कधीच तोंडाला लावली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी वाईनच्या मोठ्या कारखान्याच्या कोठीत काढली. गंधकाची पूड घातल्याशिवाय वाईन टिकते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. निवृत्त झाल्यावर दोन हेक्टर मळा त्यांनी लावला, पण गेल्या वर्षीच्या सुगीला मी गंधकाचा डबा न वापरता फळीवर ठेवून दिला आणि आमचं बिनसलं. बिनमिठाची लोणच्याची मिरची आणि ही वाईन सारखीच, बुरशी धरणार, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दर रविवारी मी पिंपातून पेला भरून त्यांच्यापुढे ठेवायचे. ते तो बोटानं बाजूला सारून बिअर उघडायचे. मीही कमी नव्हते. शेवटच्या रविवारी मी पेला ठेवलाच नाही. गुरुवारी ते गेले.

तेव्हा हिशेब असा होता. वाईन टिकली तर मळा वाचणार, पण बाबा तिला शिवलेसुद्धा नाहीत हे आईसमोर उघड होणार. वाईन मेली तर बाबा आले, प्याले, राग गेला. आणि मळा ब्रोकोलीत गेला. काय मागावं तेच मला कळेना.

एक तारखेला लोक मांडणी बघायला येऊ लागले. बाबांचे जुने सोबती कांदिदोकाका बाटलीपुढे वाकले, नाक जवळ नेलं आणि आईला म्हणाले, तुमचा बाल्तासार येईल हो, पण ही बघून दारातूनच परत फिरेल. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

लोक गेल्यावर मी बाटलीजवळच्या दोन मेणबत्त्या हळूच लांब सरकवल्या. आईनं त्या परत जागेवर आणल्या. मला म्हणाली, "अंधारात वाट चुकला म्हणजे?"

"बाबा? या घरात?"

"तुझ्यावर रुसून बसलाय तो. रुसलेल्या माणसाला जास्त उजेड लागतो."

आई थट्टा करत होती की मनापासून बोलत होती, मला सांगता येणार नाही. मला मात्र ते लागलं.

दोन तारखेला आई फुलं घेऊन कब्रस्तानात गेली. पाय दुखतोय सांगून मी घरी राहिले, खोटंच. घर रिकामं झाल्यावर मी कोठीत गेले आणि फळीवरून गंधकाचा डबा काढला. एक चिमूट पुरली असती. फाबिओलाला कळलं नसतं. आणि कुणी सांगावं, बाबांनाही आवडलं असतं. पोरगी शहाणी झाली म्हणत त्यांनी बसल्या बैठकीला बाटली संपवली असती. डबा घेऊन मी मांडणीसमोर उभी राहिले. फोटोतले बाबा नेहमीसारखे वैतागलेले. मला त्यांचा राग आला आणि तितकीच आठवण आली. मी म्हटलं, "प्यायची तर माझी प्या. नाहीतर राहू द्या." आणि डबा परत नेऊन ठेवला.

तीन तारखेला फाबिओला अर्धा तास आधीच उगवली. आई नुकती मेणबत्त्या विझवत होती. फाबिओला केरेतारोची असली तरी आजीच्या हाताखाली वाढलेली. तिनं मांडणी बघितली, मांडणीवरची आपली सही केलेली बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता शाल सावरून दाराशी उभी राहिली.

आईनं क्रमानं सुरुवात केली. पाव, चव नाही. मोले, काही चव नाही. तामाल या मक्याच्या वाफवलेल्या वडीचा तुकडा मोडून तिनं मान हलवली. मग तिनं पेल्यात दोन बोटं वाईन ओतली. आईला वाईन कळत नाही असं समजू नका. एकतीस वर्षं बाबांनी कोठीतून आणलेली प्रत्येक बाटली आधी तिच्या जिभेवरून गेली होती.

तिनं घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. मग फोटोकडे बघितलं.

"काही चव नाही," ती म्हणाली. "सगळी पिऊन गेला."

गेला मळा, हे पहिलं मनात आलं. आणि त्याच दमात, आले होते बाबा. आईनं पेला माझ्या हातात दिला. मी प्याले.

वाईन टिकली होती. नुसती टिकली नव्हती, तीन दिवसांत ती उमलली होती. कैरीसारखा जो आंबटपणा मला टोचायचा तो निवला होता, आणि खाली पिकलेल्या जांभळ्या आलुबुखारची गोडी, ओल्या मातीचा वास, सगळं जागच्या जागी. इतकी चांगली वाईन मी आयुष्यात केली नव्हती. एका थेंबालाही कुणी हात लावला नव्हता. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. मला रडू फुटलं.

आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं आणि मला कळलंय हेही कळलं होतं. दाराशी हजार बाटल्यांचं गिऱ्हाईक उभं. एकच वाक्य बोलायचं होतं, की आईची जीभ म्हातारी झालीय, वाईन उत्तम आहे.

"हो," मी म्हणाले. "काहीच चव नाही."

फाबिओला पुढे आली. माझ्या हातातून तिनं पेला घेतला, उरलेला घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. डोळे उघडून ती आधी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती बाबांच्या फोटोकडे वळली.

"खरंय, कुकाबाई," ती आईला म्हणाली. "एक थेंब नाही ठेवला तुमच्या माणसानं."

मग तिनं रिकामा पेला आईपुढे धरला, आणि आईनं तो काठोकाठ भरला.